वॉलब्रुकच्या चिखलातला मिथ्रस: लंडनच्या रोमन देवळात खरं काय सापडलं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: लंडनमध्ये ब्लूमबर्गच्या इमारतीखाली मिथ्रस या देवाचं रोमन देऊळ पाहिलं. अंधार, धुरकट प्रकाश, लॅटिनमधली कुजबुज, सगळं भारावून टाकणारं होतं. पण त्यातलं खरं किती आणि देखावा किती? आणि हा मिथ्रस म्हणजे ऋग्वेदातला मित्रच ना?

मराठी माणसाला दुसऱ्या प्रश्नाचीच घाई असते, हे मला माहीत आहे. तरी तो शेवटी घेतो. देवाच्या नावापासून सुरुवात केली की जमिनीतून निघालेली प्रत्येक वस्तू त्या नावाला जुळवून घ्यायची खोड लागते. मी पुण्यात पुरातत्त्व शिकलो आणि गेली वीसएक वर्षं इंग्लंडात उत्खननाचं काम करतो. या देवळाच्या खोदकामावर मी नव्हतो, पण लंडनच्या ओल्या थरांत गुडघाभर उभं राहण्याचा अनुभव भरपूर आहे. म्हणून आधी चिखल, मग देव.

रोमन लोंडिनियम, म्हणजे रोमन काळातलं लंडन, दोन बुटक्या टेकड्यांवर पसरलं होतं, पूर्वेला कॉर्नहिल आणि पश्चिमेला लडगेट हिल. मधल्या खोलगटातून वॉलब्रुक नावाचा ओढा वाहत जाऊन थेम्सला मिळायचा. आज तो रस्त्यांखाली, भरावाखाली गडप झाला आहे; नाव तेवढं एका गल्लीला उरलं. रोमन लोकांनी या ओढ्याच्या काठी लाकडाचे आधार ठोकून, मागे माती-कचरा टाकून जमीन मिळवली. त्या भरावात ओल कायम आणि हवेचा शिरकाव नाही, त्यामुळे लाकूड-चामडं कुजतच नाही. दख्खनच्या कोरड्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, खापरं, हाडं, मणी मिळतात, पण दोन हजार वर्षांपूर्वीची चप्पल मिळत नाही. वॉलब्रुकला ती टोपलीभर मिळते.

2010 ते 2014 या काळात इथे पुन्हा खोदलं गेलं तेव्हा 14,000 हून अधिक वस्तू निघाल्या. त्यात लाकडी लेखनपाट्या 405. मूळ लेखन पाटीवरच्या मेणात होतं. ते मेण गेलं, पण जोरात लिहिणाऱ्यांच्या लेखणीचे ओरखडे खालच्या लाकडावर उमटून राहिले. त्यातल्या एका पाटीवर 8 जानेवारी, इसवी सन 57 ही तारीख आहे: टिबुलस नावाचा एक मुक्त झालेला गुलाम ग्रेटस नावाच्या दुसऱ्या मुक्त गुलामाचे 105 देनारी (रोमन चांदीची नाणी) देणं लागतो, एवढाच मजकूर. म्हणजे या शहराचा तारीख असलेला सगळ्यांत जुना कागद सावकारीचा आहे. तो लिहिला गेला तेव्हा मिथ्रसच्या देवळाचा पत्ताही नव्हता. देऊळ बांधलं गेलं साधारण इसवी सन 240 च्या सुमारास, त्याच भरावाच्या जमिनीवर, ओढ्याच्या पूर्व काठाला. ही जागा निवडणाऱ्यांनी पुढच्या पिढ्यांना केवढा ताप देऊन ठेवला, ते पुढे येईलच.

आता 1954. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत हा भाग बेचिराख झाला होता आणि तिथे कार्यालयांची मोठी इमारत येणार होती. लंडन म्युझियमचे संचालक डब्ल्यू. एफ. ग्राइम्स 1952 पासून तिथे खोदत होते. रोजचं काम ऑड्री विल्यम्स पाहत होत्या. मुळात त्यांना वॉलब्रुकच्या खोऱ्याचा छेद, म्हणजे थर दिसतील असा उभा काप, हवा होता, देऊळ कुणी शोधत नव्हतं. भिंती लागल्या. आत लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांबांची एकेक रांग, पश्चिम टोकाला अर्धगोल भिंत. आराखडा पाहून हे चर्च तर नसेल, अशीही शंका आली.

ती शंका वेडगळ नव्हती. कार्ले-भाज्याचं चैत्यगृह आठवा: मध्ये लांब दालन, बाजूला खांबांच्या रांगा, टोकाला गोल वळण. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं त्रिविक्रम मंदिर विटांचं आणि गजपृष्ठाकार, म्हणजे मागून हत्तीच्या पाठीसारखं गोल, आहे, म्हणून ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावं असं अनेक अभ्यासक मानतात. आत मूर्ती विष्णूची. गोल भिंत सगळ्या देवांना चालते. आराखड्यावरून वास्तूचा देव ओळखायला गेलं की फसगत ठरलेली.

उत्तर मिळालं 18 सप्टेंबरला, शनिवारी, खोदकाम संपवायचं ठरलेल्या दिवशी. एक संगमरवरी मस्तक निघालं: तरुण, कुरळ्या केसांचा चेहरा, डोक्यावर पुढे झुकलेली फ्रिजियन टोपी, नजर वर आणि बाजूला. मिथ्रसच. फोटो वर्तमानपत्रात छापून आला आणि बघ्यांच्या रांगा लागल्या. दोनेक आठवड्यांत चार लाख माणसं येऊन गेली असा अंदाज सांगितला जातो. रेशनिंग नुकतंच संपलेलं ते लंडन, आणि माणसं एका खड्ड्यासाठी रांगा लावून उभी. विषय चर्चिलच्या मंत्रिमंडळापर्यंत गेला. इमारत थांबवणं परवडणारं नव्हतं, म्हणून दगड उचलून दुसरीकडे मांडायचं ठरलं. 1962 मध्ये क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवर, मूळ जागेपासून सुमारे शंभर मीटरवर, रस्त्याच्या पातळीला, उघड्यावर, सिमेंटच्या गाऱ्यात भिंती उभ्या राहिल्या. जमिनीत अर्धवट उतरवलेलं काळोखाचं देऊळ भर उन्हात, आत बागेतल्या वाटेसारखी वेड्यावाकड्या फरश्यांची जमीन! खुद्द ग्राइम्सनी त्या पुनर्रचनेला काही अर्थ नसल्याचं म्हटलं होतं. ते बरोबरच होतं.

तुम्ही पाहिलंत ते याच्या पुढचं रूप, 14 नोव्हेंबर 2017 ला खुलं झालेलं. सिमेंट काढून दगड-विटा मोकळ्या केल्या, रोमन पद्धतीचा चुन्याचा गारा बनवून पुन्हा रचल्या, आणि सगळं आजच्या रस्त्याखाली सुमारे सात मीटरवर, म्हणजे रोमन काळाच्या पातळीला नेलं. जागा मूळ जागेच्या थोडी पश्चिमेला आहे, कारण मूळ बांधकामाचा काही भाग अजून जमिनीत सुरक्षित आहे आणि त्याला हात लावायचा नव्हता. तेव्हा दगड बहुतांशी अस्सल, खोली अस्सल, जागा जवळजवळ तीच. गारा आणि लाकूड आजचं. खांब तर प्रकाश आणि धुक्याचे. कुजबुज म्हणाल तर तिला आधार आहे, पण तो लंडनचा नाही: रोममधल्या सान्ता प्रिस्का चर्चखाली मिथ्रसचं देऊळ सापडलं, त्याच्या भिंतींवर लिहिलेल्या घोषणांवरून ती रचली आहे. त्या घोषणांकडे परत येतो.

मला स्वतःला त्या देखाव्यापेक्षा जमीन जास्त बोलकी वाटते. देऊळ जेमतेम 18 मीटर लांब, 8 मीटर रुंद. पूर्वेकडून आत शिरलं की पायऱ्या उतरून मधल्या दालनात यायचं. दोन्ही बाजूंना उंच ओटे, त्यांवर भक्त रेलून बसणार. मध्ये सात-सात खांब. समोर गोल भिंतीत देवाची शिळा. नैऋत्य कोपऱ्यात लाकडी चौकटीची विहीर. मिथ्रसचं देऊळ म्हणजे गुहा, असा या पंथाचा आग्रह होता, आणि गुहा म्हणजे सगळ्या विश्वाचं छोटं रूप. म्हणून जमीन मुद्दाम खाली उतरवलेली. पण ओढ्याच्या काठी, कचऱ्याच्या भरावावर जमीन खाली उतरवली की काय होणार? पाणी वर येणार. झालंही तसंच. ग्राइम्सना मधल्या दालनात एकावर एक नऊ जमिनी मिळाल्या. ओल आली, नवा थर घाला. पुन्हा ओल, पुन्हा थर. पुढे पायऱ्या त्या थरांत बुडाल्या, ओटे आणि दालन यांच्या उंचीतला फरक मिटत आला. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला खांबही निघाले. विश्वाच्या प्रतिकाची ही दुरुस्ती पिढ्यान्‌पिढ्या चालली होती, आणि कुणीतरी दर वेळी वर्गणी काढली असणार. श्रद्धेचा पुरावा मला तिथे दिसतो.

मुख्य शिळा कशी असे? मिथ्रसच्या बहुतेक प्रत्येक देवळात एकच दृश्य: देव बैलाच्या पाठीवर गुडघा रोवून त्याच्या खांद्यात सुरा खुपसतो आहे, पण बघतो आहे दुसरीकडे. कुत्रा आणि साप रक्ताकडे झेपावलेले, विंचू बैलाच्या वृषणांना डसलेला, कावळा जवळ, शेपटीच्या टोकाला कधी गव्हाची कणसं. दोन्ही बाजूंना दोन मशालधारी, कॉटीजची मशाल वर, कॉटोपेटीसची खाली. कोपऱ्यात सूर्य आणि चंद्र. लंडनच्या देवळातली मोठी शिळा सापडली नाही. सुऱ्याची मूठ धरलेला दगडी हात मात्र सापडला. आणि एक छोटी संगमरवरी शिळा, तीही 1954 ची नाही. ती 1889 मध्येच वॉलब्रुकला इमारतीच्या कामात वर आली होती, एका संग्राहकाकडे गेली, आणि तब्बल 65 वर्षं कुणाला कळलं नाही की तिचं देऊळ तिथेच खाली झोपलं आहे.

या शिळेवर बैलाच्या दृश्याभोवती बारा राशींचं वर्तुळ आहे आणि दोन बाजूंना मोजकी अक्षरं. उल्पियस सिल्व्हानस, दुसऱ्या ऑगस्टा सैन्यदलाचा निवृत्त सैनिक, याने नवस फेडला. इथवर सरळ. पुढचे दोन शब्द: ‘फाक्टुस आराउसिओने’, म्हणजे ‘आराउसिओ इथे झालेला’. आराउसिओ म्हणजे दक्षिण फ्रान्समधलं आजचं ऑरांज. पण काय झालेला? काही अभ्यासक म्हणतात, सैन्यात दाखल झालेला किंवा निवृत्त झालेला. काही म्हणतात, मिथ्रसच्या पंथात दीक्षित झालेला. माझा कल दीक्षेकडे आहे, कारण नवसाच्या शिळेवर माणूस देवाशी जोडलेलीच गोष्ट कोरून घेतो. पण पैज लावणार नाही. त्याचं सैन्यदल वेल्समधल्या कार्लियनला होतं. म्हणजे ऑरांज, वेल्स आणि लंडन या तीन ठिकाणांचा एक म्हातारा सैनिक: मिथ्रस साम्राज्यात कसा फिरला, ते या एका माणसात दिसतं.

ब्रिटनमधली मिथ्रसची इतर देवळं बहुतेक सैनिकी ठाण्यांची. उत्तर इंग्लंडातल्या हेड्रियनच्या रोमन तटभिंतीवर कॅरॉबरा, हाउसस्टेड्स आणि रुडचेस्टर, वेल्समध्ये कार्नार्व्हन. कॅरॉबरामधल्या वेद्या तिथल्या बटाव्हियन तुकडीच्या अधिकाऱ्यांनी अर्पण केलेल्या. लंडनचं देऊळ शहरातलं, आणि त्यातला पैसा वेगळा दिसतो: इटलीचा संगमरवर, झाकणाची चांदीची डबी आणि आत गाळणीसारखं भांडं, डबीवर शिकारीची आणि प्राण्यांची नक्षी. ती भिंतीत लपवलेली मिळाली. ती नेमकी कशासाठी होती यावर बरंच छापून आलं आहे. मला ती द्रवात काही मुरवून गाळायची वस्तू वाटते, आणि त्यापलीकडे मी जात नाही.

जेवणावळ मात्र नक्की. या देवळांत कोंबडीची हाडं ढिगाने निघतात. बेल्जियममधल्या टीनेनला एकाच मोठ्या मेजवानीतले शेकडो कोंबडे खड्ड्यांत मिळाले. इथे एक गैरसमज मोडायला हवा. दालनात बैल कापायचे आणि रक्ताने न्हायचे, असं पर्यटकांना अजून सांगितलं जातं. रक्तस्नानाची ती कथा सिबेली या दुसऱ्याच देवीच्या पंथाबद्दलची. लंडनच्या या दालनात बैल आणला असता तर भक्तांना बाहेर थांबावं लागलं असतं. तसंच 25 डिसेंबर हा मिथ्रसचा वाढदिवस, याला पुरावा नाही. 354 सालच्या रोमन पंचांगात त्या दिवसाची नोंद ‘अजिंक्य’ एवढीच आहे, आणि ती सूर्यदेवाची मानली जाते.

देवळात मिथ्रस एकटा नव्हता. मिनर्व्हा या रोमन देवीचं मस्तक मिळालं. सेरापिस या इजिप्ती-ग्रीक देवाचं मिळालं, डोक्यावर धान्याचं माप घेतलेलं. मेंढा आणि कासव जवळ घेऊन बसलेला मर्क्युरी हा रोमन देव मिळाला. आपल्या वाचकाला यात नवल वाटू नये. गंमत अशी की ही शिल्पं जमिनीत व्यवस्थित पुरलेली होती, आणि काळ साधारण 310 ते 320 चा. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली 313 मध्ये. दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या की कथा आपोआप तयार होते: ख्रिस्ती जमाव येतोय, मूर्ती लपवा! बरीच वर्षं हीच कथा सांगितली गेली, आणि गोव्यातल्या देवळांच्या मूर्ती रातोरात कशा हलल्या हे ऐकत वाढलेल्या माणसाला ती लगेच पटते. पण मूर्ती लपवून लोक पळाले असते तर देऊळ ओस पडलं असतं. ते पडलं नाही. वरच्या थरांत बॅकस या मद्याच्या रोमन देवाचं संगमरवरी शिल्प मिळालं, सोबत सेवकमंडळी आणि चित्ता, आणि खाली लॅटिन: ‘होमिनिबुस बागिस बिताम’, भटकणाऱ्या माणसांना जीवन. शुद्ध लॅटिनमध्ये ‘वागिस विताम’ हवं. कोरणाऱ्याने ‘व’चा ‘ब’ केला, बोलताना करत असतील तसाच. तेव्हा दुसरी शक्यता: देवळात यजमान देव बदलला आणि जुन्या देवांना मानाने जमिनीत ठेवलं. मी या बाजूला झुकतो. याच देवळातल्या एका तुटक शिलालेखात, तोही चौथ्या शतकाच्या सुरुवातीचा, चार सम्राट आणि एका सीझरच्या (म्हणजे दुय्यम सम्राटाच्या) कल्याणासाठी मिथ्रस आणि अजिंक्य सूर्याला आळवलं आहे, ‘पूर्वेकडून पश्चिमेपर्यंत’. सम्राटांच्या नावाने जाहीर प्रार्थना कोरणारी मंडळी दहा-पंधरा वर्षांत घाबरून मूर्ती पुरतील, हे अशक्य नाही, पण थरांची साक्ष तिकडे जात नाही.

‘पूर्वेकडून पश्चिमेपर्यंत’ हेच शब्द सान्ता प्रिस्काच्या भिंतीवरही आहेत. तिथे पंथाच्या सात पायऱ्यांना क्रमाने वंदन आहे: कावळा, निम्फस म्हणजे वधूच्या रूपातला, सैनिक, सिंह, पारशी, सूर्यदूत आणि सगळ्यांत वर पिता. प्रत्येकाचा एक ग्रह राखणदार. आणि वंदनाचा शब्द आहे ‘नामा’. लॅटिनमध्ये असा शब्द नाही. तो इराणी आहे, आणि आपल्या ‘नमः’चा सख्खा भाऊ. तुम्ही ब्लूमबर्गच्या अंधारात ऐकलात तो शब्द तुमच्या तोंडात रोज असतो.

म्हणजे आलोच दुसऱ्या प्रश्नावर. नाव एकच आहे, यात वाद नाही. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातलं 59 वं सूक्त मित्राचं. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात पश्चिम आशियातल्या मितन्नी आणि हित्ती राजांच्या तहात मित्र-वरुण साक्षीला बोलावलेले. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथामधला मिथ्र हा शब्द पाळण्याचा, कराराचा देव. मुंबईतल्या अग्यारीला पारशी ‘दर-ए-मेहेर’ म्हणतात, तो ‘मेहेर’ हाच. वराहमिहिराच्या नावातला ‘मिहिर’ही इराणी वाटेने आलेला. पण बैल मारणारा देव, गुहा, सात पायऱ्या, फक्त पुरुषांची बंद मंडळी, यातलं काही ना वेदात, ना अवेस्तात. या पंथाचा जमिनीतला पुरावा पहिल्या शतकाच्या अखेरीस सुरू होतो, आणि तो रोम, जर्मनी, डॅन्यूबकाठ या बाजूला मिळतो. इराणात बैल मारणाऱ्या मिथ्रसची एकही शिळा मिळालेली नाही, भारतातही नाही. बेल्जियन पंडित फ्रान्झ क्युमाँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पंथ इराणातून सरळ रोमला आला असं मांडलं. 1971 च्या मँचेस्टरच्या परिषदेत त्या मांडणीला जोराचे धक्के बसले आणि ती पुन्हा सावरली नाही.

नातं जोडू पाहणारे तैत्तिरीय संहितेतली एक कथा पुढे करतात: सोमाला मारायचं ठरतं, तेव्हा मित्र म्हणतो, मी तर सगळ्यांचा मित्र, मी कसा मारू? शेवटी तो सामील होतो आणि पशू त्याच्यापासून दूर जातात. सुरा चालवताना मान फिरवणारा लंडनचा मिथ्रस डोळ्यांपुढे असला की ही कथा अंगावर येते, हे कबूल. पण मधल्या हजारभर वर्षांत या दोघांना जोडणारी एकही वस्तू माझ्या हातात नाही, आणि वस्तूशिवाय मी सही करत नाही.

पुन्हा गेलात तर आत शिरण्याआधी वरच्या मजल्यावरच्या भिंतीपाशी वेळ काढा; तिथे उत्खननातल्या सहाशेहून अधिक वस्तू मांडल्या आहेत. पिवळट अंबरचा एक इवलासा ताईत शोधा, ग्लॅडिएटरच्या शिरस्त्राणाच्या आकाराचा. मिथ्रसचं मस्तक, सेरापिस आणि उल्पियसची शिळा मात्र तिथे शोधू नका, ती लंडन म्युझियमच्या संग्रहात आहेत. आणि खाली गेल्यावर प्रकाशाचा खेळ संपून दिवे लागले की बाकीच्यांबरोबर लगेच निघू नका. पूर्वेच्या दाराशी थांबून उंबरठ्याचा दगड बघा, किती झिजला आहे ते.